पानांची साक्ष

उष्ण कटिबंधातील वर्षावनात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या अभ्यासकाच्या वाट्याला बहुधा थोडी निराशाच येते. प्रवासवर्णनांतून वाचलेली रंगीबेरंगी फुले तेथे सहसा दिसत नाहीत. तीस-चाळीस मीटर उंचीवर वृक्षांच्या माथ्यांचे घनदाट छत पसरलेले असते आणि फुले यायची ती बहुतेक त्या छतावर, उन्हात येतात. खाली अंधूक उजेडात उरतात ती खोडे, वेली आणि पाने. ही पानेही परस्परांसारखीच असतात: लांबट अंडाकृती, अखंड कडांची, चिवट, आणि पावसाचे पाणी चटकन निथळून जावे अशा निमुळत्या टोकाची. अनेक वर्षावनांत एका हेक्टरात शंभराहून अधिक जातींचे वृक्ष उभे असतात. त्यांतील निरनिराळ्या कुलांतील पाने एका ठिकाणी मांडली, तर ती एकाच झाडाची आहेत असे वाटावे, इतके त्यांच्यात साम्य असते.

वनस्पतींच्या वर्गीकरणाचा पाया मात्र प्रारंभापासून फुलांवर रचला गेला. लिनीअस याने अठराव्या शतकात पुंकेसर व स्त्रीकेसर यांची संख्या आणि मांडणी यांवरून वनस्पतींचे वर्ग पाडले. त्याची पद्धती पुढे मागे पडली. पण फूल व फळ यांना दिलेले अग्रस्थान कायम राहिले. त्याला सबळ कारण होते. ऊन, पाऊस, माती यांच्या फरकाने पान लहान-मोठे होते, फांद्यांची ठेवण बदलते. फुलाची रचना मात्र सहसा बदलत नाही. समशीतोष्ण प्रदेशात दरवर्षी ठरल्या ऋतूत फुले येतात, त्यामुळे ही पद्धती तेथे सोयीचीही होती.

वर्षावनात ही सोय नाही. आग्नेय आशियातील डिप्टेरोकार्प कुलातील कित्येक वृक्ष अनेक वर्षे फुलतच नाहीत. मग एखाद्या वर्षी सारे अरण्य एकदम बहरते. सह्याद्रीत सात-आठ वर्षांतून एकदा फुलणारी कारवी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही प्रतीक्षा अपरिचित वाटणार नाही. जायफळाच्या कुलातील बहुतेक वृक्षांत नर-फुले एका झाडावर व मादी-फुले दुसऱ्या झाडावर येतात. म्हणजे एका झाडाला फुले सापडली, तरी माहिती अर्धीच मिळते. परिणामी, वर्षावनांतून संग्रहालयांत येणाऱ्या सुकवलेल्या नमुन्यांपैकी पुष्कळसे नुसत्या पानांचे असतात. असे नमुने ‘अनिश्चित’ अशी चिठ्ठी लावलेल्या गठ्ठ्यांत वर्षानुवर्षे पडून राहतात.

वनस्पती विपुल असेल, तर आज ना उद्या तिचे फूल हाती लागते. दुर्मीळ वनस्पतीच्या बाबतीत तसा भरवसा देता येत नाही. पुढचा बहर येईपर्यंत ते झाड, किंबहुना ते अरण्यच, उभे राहील की नाही, हे कोणी सांगावे? आणि ज्या वनस्पतीला नाव नाही तिचे रक्षण करणे अवघड असते. संकटग्रस्त जातींच्या यादीत नाव घालायचे, तर आधी नाव असावे लागते. भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाने १९८७ ते १९९० या काळात भारतातील संकटग्रस्त वनस्पतींचा ग्रंथ तीन खंडांत प्रसिद्ध केला. उत्तर कन्नड जिल्ह्यातील कातळेकान येथील दलदलीच्या अरण्यातला, बिब्ब्याच्या प्रजातीतील एक वृक्ष त्या यादीत असणे शक्यच नव्हते. कारण नवी जाती म्हणून त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले ते २००० साली. शतकभराहून अधिक काळ ज्या प्रदेशातील वनस्पतींचा अभ्यास चालू होता, तेथील एक वृक्षजाती इतका काळ अनामिक राहिली होती.

फूल मिळत नसेल, तर पानालाच बोलते करावे, या विचारातून वर्गीकरणाची एक वेगळी वाट निघाली. ती पानाच्या बाह्यरूपावर थांबत नाही. पान कापून, सोलून, पारदर्शक करून ती त्याच्या अंतर्रचनेचा शोध घेते.

पानाच्या आत

पानाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला असता तो एखाद्या इमारतीच्या छेदासारखा दिसतो. वर आणि खाली अपित्वचेचा एकेक थर असतो आणि त्यावर मेणचट उपत्वचेचा लेप असतो. वरच्या अपित्वचेखाली उभ्या स्तंभांसारख्या पेशींची रांग असते. प्रकाशाच्या साह्याने अन्न तयार करण्याचे काम मुख्यतः येथे चालते. त्याखाली विरळ, पोकळ्या असलेल्या पेशींचा थर असतो. या सर्वांमधून शिरा जातात. त्या पाणी आणतात व तयार झालेले अन्न घेऊन जातात. खालच्या अपित्वचेत हवेची ये-जा करणारी सूक्ष्म पर्णरंध्रे असतात. प्रत्येक रंध्राच्या दोन्ही बाजूंस एकेक रक्षक पेशी असते.

हा सर्वसाधारण आराखडा झाला. वर्गीकरणाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते त्यातील तपशिलांना. रक्षक पेशींभोवतीच्या शेजारपेशींचीच गोष्ट घ्यावी. कॉफीच्या कुलात रंध्राच्या दोन्ही अंगांना, त्याला समांतर अशा दोन साहाय्यक पेशी असतात. मोहरीच्या कुलात रंध्राभोवती तीन पेशी असून त्यांतील एक इतर दोहोंपेक्षा लहान असते. अडुळशाच्या पानात रंध्राला दोन पेशी काटकोनात कवेत घेतात. काही कुलांत मात्र रंध्राभोवतीच्या पेशी इतर पेशींहून मुळीच वेगळ्या नसतात.

पेशींत साठणाऱ्या द्रव्यांची साक्षही तितकीच बोलकी असते. अळूच्या पानाने घशाला खाज सुटते, ती कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. हे स्फटिक जुड्या बांधल्याप्रमाणे पेशींत भरलेले असतात. वडाच्या पानातील काही फुगीर पेशींत कॅल्शियम कार्बोनेटचा, देठाला लोंबणाऱ्या द्राक्षघोसासारखा एक खडा टांगलेला आढळतो. लिंबाचे किंवा जांभळाचे पान उजेडात धरले, तर त्यात बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या सुगंधी तेलाच्या पोकळ्या होत. दालचिनी व तमालपत्र यांतही सुगंधी तेल असते. परंतु तेथे पोकळी नसते, एकेकटी पेशीच तेलाने भरलेली असते. वास घेणाऱ्याला दोन्ही पाने सुगंधीच वाटतील, पण सूक्ष्मदर्शक त्यांची कुले वेगळी असल्याचे सांगतो. आंबा, काजू आणि बिब्बा यांच्या कुलात शिरांमधून राळेच्या नलिका जातात. कातळेकानच्या वृक्षासारखे एखादे झाड फुलाविना हाती आले, तरी त्याच्या मध्यशिरेचा छेद घेणाऱ्याला ते कोणत्या घराण्यात शोधावे याची दिशा मिळू शकते.

पद्धतीची जडणघडण

या साक्षीचे मोल प्रथम आग्रहाने मांडले ते म्यूनिक येथील लुडविग राडलकोफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने. रिठ्याच्या कुलाचा तो अधिकारी अभ्यासक होता. या कुलातील अमेरिकन उष्ण प्रदेशांतील वेलींच्या सेर्जानिया या प्रजातीवर त्याने १८७५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. वर्गीकरणात बाह्य लक्षणांच्या बरोबरीने अंतर्रचनेचाही विचार झाला पाहिजे, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याचा शिष्य हान्स झोलेरेडर याने हे काम सर्व द्विदल वनस्पतींपर्यंत नेले. त्याचा प्रचंड संकलन-ग्रंथ १८९९ मध्ये बाहेर पडला. फ्रान्समध्ये व्हेस्क याने त्याच सुमारास पर्णरंध्रांचे प्रकार निश्चित करून त्यांना निरनिराळ्या कुलांची नावे दिली.

इंग्लंडमधील क्यू येथील उद्यानाच्या जॉड्रेल प्रयोगशाळेत सी. आर. मेटकाफ यांनी एल्. चॉक यांच्या सहकार्याने द्विदल वनस्पतींच्या अंतर्रचनेवरील दोन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला व तो १९५० साली प्रसिद्ध झाला. व्हेस्कने दिलेली कुलांची नावे त्यांनी बदलली. एकच रंध्रप्रकार परस्परांशी नाते नसलेल्या अनेक कुलांत आढळतो, हे तोपर्यंत स्पष्ट झाले होते. कुलाचे नाव प्रकाराला दिल्याने भलतीच समजूत होण्याचा संभव होता. नावातील हा बदल वरवर किरकोळ वाटतो. परंतु एका लक्षणावरून घाईने नाते जोडू नये, हा धडा त्यात सामावलेला आहे.

काम कसे चालते

या पद्धतीचा मोठा गुण असा की, तिला साहित्य फार थोडे लागते. अतिदुर्मीळ वनस्पतीचा जगात एखादाच नमुना असतो. त्याचे फूल उकलून पाहू देण्यास संग्रहालयाचा रक्षक सहजी तयार होत नाही. मात्र नमुन्याच्या पाकिटात गळून पडलेला पानाचा नखाएवढा तुकडाही अंतर्रचनेच्या अभ्यासाला पुरतो. शंभर वर्षांपूर्वी सुकवलेले पान पाण्यात उकळले की ते पुन्हा फुगते आणि त्याच्या पेशी मूळच्या आकाराजवळ येतात.

त्यानंतर त्या तुकड्यावर तीन प्रकारचे संस्कार होतात. एका भागाची अपित्वचा हलक्या हाताने सोलून काचपट्टीवर पसरली जाते. तिच्यावर रंध्रे व केस पाहावयाचे असतात. दुसऱ्या भागाचे धारदार पात्याने पातळ आडवे छेद घेऊन ते सॅफ्रॅनिनसारख्या रंगाने रंगवले जातात. शिरांतील कठीण ऊतक त्यामुळे तांबडे दिसते. तिसरा भाग सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावात ठेवून हरितद्रव्यरहित व पारदर्शक केला जातो. मग शिरांचे सगळे जाळे, अगदी शेवटच्या आंधळ्या टोकापर्यंत, नकाशासारखे उलगडते. शिरांच्या या मांडणीचे वर्णन एकसारख्या शब्दांत करता यावे, यासाठी लिओ हिकी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७३ साली एक पद्धतशीर परिभाषा मांडली.

अखेरचे काम तुलनेचे. अनोळखी तुकड्याची लक्षणे, ज्यांची ओळख निश्चित आहे अशा नमुन्यांच्या लक्षणांशी ताडून पाहावी लागतात. म्हणून हावडा येथील केंद्रीय राष्ट्रीय वनस्पति-संग्रहालयासारख्या संस्थांचे महत्त्व केवळ ऐतिहासिक नाही. तेथे जपून ठेवलेले सुमारे वीस लाख नमुने म्हणजे तुलनेसाठी सदैव उघडा असलेला ग्रंथच होय.

अंजनी आणि तिचे दूरदेशीचे आप्त

या पद्धतीचे सामर्थ्य एका उदाहरणावरून ध्यानात येईल. महाबळेश्वर-माथेरानच्या रानांत अंजनीची झाडे विपुल आहेत. फांद्यांवर झुबक्यांनी येणारी तिची निळी-जांभळी फुले पाहणाऱ्याच्या लक्षात राहतात. अंजनीच्या मेमेसायलॉन या प्रजातीच्या अनेक जाती आफ्रिकेपासून पॅसिफिक बेटांपर्यंतच्या उष्ण प्रदेशांत पसरलेल्या आहेत. त्यांतील काही पश्चिम घाटाच्या वर्षावनांपुरत्याच मर्यादित आहेत आणि काही फार थोड्या वेळा सापडलेल्या आहेत. पानांवरून त्या ओळखणे कष्टाचे असते: चिवट, समोरासमोरची, गुळगुळीत पाने आणि बाजूच्या शिरा जवळजवळ अदृश्य.

ही प्रजाती मेलॅस्टोमेसी कुलात ठेवण्याची रीत होती. त्या कुलातील इतर बहुतेक वनस्पतींच्या पानांत देठापासूनच तीन, पाच किंवा अधिक ठळक शिरा कमानीसारख्या वळून टोकाकडे जातात. अंजनीत तसे काहीच नाही. मग ती खरोखर त्या कुलातील, की स्वतंत्र कुलातील? हा वाद दीर्घकाळ चालला.

पान पारदर्शक करून पाहिले असता आणखी एक वैशिष्ट्य दिसते. बारीक शिरांच्या टोकांशी जाड भिंतींच्या, कठीण, चित्रविचित्र आकारांच्या दृढपेशी असतात. काही सरळ, काही फाटे फुटलेल्या, काही धाग्यांप्रमाणे पानभर पसरलेल्या. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतील मुरिरी या प्रजातीतही अशाच पेशी आढळतात. ए. एस. फॉस्टर यांनी १९४६ साली मुरिरीच्या पानांतील दृढपेशींचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यांचे आकार जातीगणिक कसे पालटतात ते दाखवले. टी. मॉर्ली यांनी १९५३ व १९७६ साली या गटाचे सविस्तर वर्गीकरण करताना पानांच्या अंतर्रचनेचा भरपूर आधार घेतला. काही जातींत पर्णरंध्रे पानाच्या खालच्या बाजूस लहान लहान खळग्यांत दडलेली असतात; त्या खळग्यांचे स्वरूपही जाती ओळखण्यास उपयोगी ठरले. भारतात टी. आनंद राव यांनी मेमेसायलॉनच्या व इतर वनस्पतींच्या पर्णदृढपेशींचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांचा या विषयावरील संकलनात्मक ग्रंथ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

अंजनी आणि मुरिरी यांच्यामध्ये महासागर पसरलेला असूनही त्या एकमेकींच्या जवळच्या आप्त आहेत, हे पानांच्या साक्षीने दिसले. पुढे जनुकद्रव्यावर आधारलेल्या अभ्यासांनीही हे नाते खरे ठरवले: अंजनीचा गट ही मेलॅस्टोमेसी वंशवृक्षाच्या बुंध्याजवळूनच फुटलेली एक वेगळी शाखा आहे. त्या शाखेला कुल म्हणावे की उपकुल, हा आता केवळ सोयीचा प्रश्न उरला आहे.

नसण्याची साक्ष

कधी कधी पानात काय आहे यापेक्षा काय नाही, हे अधिक महत्त्वाचे ठरते. पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनिया या बेटाच्या वर्षावनांत ॲम्बोरेला नावाचे एक झुडूप वाढते. जगात अन्यत्र ते कोठेही नैसर्गिकपणे आढळत नाही. त्याची फुले लहान, डोळ्यांत न भरणारी; नर व मादी झुडपे निराळी. बेयाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६९ साली त्याचे वर्णन केले व त्याला मोनिमिएसी कुलात स्थान दिले. फुलांवरून ते सयुक्तिकही दिसत होते.

जवळजवळ ऐंशी वर्षांनी हार्वर्ड विद्यापीठात आय. डब्ल्यू. बेली आणि भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञ बी. जी. एल. स्वामी यांनी या झुडपाची अंतर्रचना बारकाईने तपासली. त्याच्या लाकडात, बहुतेक सपुष्प वनस्पतींत असणाऱ्या पाणी वाहून नेणाऱ्या नळीसारख्या वाहिन्या नाहीत, असे त्यांनी १९४८ साली दाखवून दिले. मोनिमिएसी कुलातील वनस्पतींच्या पानांत सुगंधी तेलाच्या पेशी असतात. ॲम्बोरेलात त्यांचाही अभाव होता. त्याच वर्षी पिशाँ याने या एकट्या झुडपासाठी स्वतंत्र कुल स्थापन केले. मात्र वंशवृक्षातील त्याची नेमकी जागा ठरावयास आणखी अर्धशतक जावे लागले. १९९९ साली जनुकद्रव्याच्या अभ्यासांतून असे दिसून आले की, आज हयात असलेल्या सर्व सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षात ॲम्बोरेलाची शाखा सर्वांत आधी वेगळी झालेली आहे.

मद्रास येथील प्रेसिडेन्सी महाविद्यालयात अध्यापन करणारे हे स्वामी कन्नड वाचकांना मात्र साहित्यिक म्हणून अधिक परिचित आहेत. विद्यार्थ्यांसह केलेल्या वनस्पति-सहलींवरील त्यांच्या ‘हसुरु होन्नु’ या पुस्तकास १९७८ सालचे साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले.

साक्षीच्या मर्यादा

कोणत्याही साक्षीदाराप्रमाणे पानाचीही उलटतपासणी करावी लागते. एकाच झाडाच्या शेंड्यावरील, उन्हातले पान जाड असते, त्यात स्तंभपेशींच्या अधिक रांगा असतात. खालच्या सावलीतले पान पातळ असते. दर चौरस मिलिमीटरमधील रंध्रांची संख्याही या दोहोंत निराळी असते. शेंड्यावरचे पान एका संग्राहकाने आणले आणि रोपट्याचे पान दुसऱ्याने, तर अननुभवी अभ्यासक त्यांच्या दोन जाती करून मोकळा होईल. या अडचणीवर तोड म्हणून ई. जे. सॉल्सबरी यांनी १९२७ साली रंध्र-निर्देशांक सुचवला. अपित्वचेतील एकूण पेशींत रंध्रांचे प्रमाण शेकडा किती, हे तो सांगतो. ऊन-सावलीच्या फरकाने तो नुसत्या संख्येइतका बदलत नाही.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. सारख्या परिस्थितीत राहणाऱ्या, पण नाते नसलेल्या वनस्पतींत सारख्याच रचना स्वतंत्रपणे निर्माण होतात. वर्षावनातील पानांचे बाह्यरूप ज्या कारणाने एकसारखे झाले, त्याच कारणाने त्यांच्या आतील काही गोष्टीही सारख्या होऊ शकतात. म्हणून एकच लक्षण कधीही निर्णायक मानले जात नाही. शिरांची मांडणी, रंध्रांचा प्रकार, स्फटिक, तेलपेशी, केस, दृढपेशी अशी परस्परांवर अवलंबून नसलेली अनेक लक्षणे एकाच दिशेने बोट दाखवू लागली, तरच निष्कर्ष काढावयाचा असतो. आणि पान बहुधा कुल किंवा प्रजाती यांपर्यंतच खात्रीने नेऊन सोडते. जातीच्या उंबरठ्यावर पुष्कळदा फुलाची वाट पाहावीच लागते.

जनुकद्रव्याच्या परीक्षणाची साधने हाती आल्यावर पानांचे छेद घेण्याची गरज उरली नाही, असा समज होण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात ही दोन्ही साधने परस्परपूरक आहेत. अनोळखी नमुन्याचे जनुकद्रव्य कशाशी ताडून पाहावे, हे ठरवण्यासाठी त्याच्या कुलाचा अंदाज उपयोगी पडतो. शिवाय, ज्या छोट्या महाविद्यालयात किंवा वनखात्याच्या दूरच्या ठाण्यात मोठी यंत्रसामग्री नाही, तेथेही एक सूक्ष्मदर्शक, एक पाते आणि थोडे रंगद्रव्य एवढ्या साहित्यावर हे काम करता येते. वर्षावने उभी आहेत ती बहुतांशी अशाच ठिकाणांच्या जवळ.

अरण्य तुटू लागले की प्रथम काय जाते, याची नोंद पुष्कळदा राहत नाही. कारण जाणाऱ्यांपैकी अनेकांना नावच नसते. संग्रहालयांतील ‘अनिश्चित’ नमुन्यांच्या गठ्ठ्यांत अशी कित्येक पाने आजही आहेत. त्यांतील काही ज्या झाडांची, ती झाडे अद्याप उभी असतील, काही नसतीलही. जी उभी आहेत त्यांच्यासाठी वेळेवर नाव शोधून देणे, हे त्या नखाएवढ्या तुकड्याकडून होण्याजोगे काम आहे.